किलोला काय पडलं?

आमच्या सोसायटीच्या बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर पगार झाला की दर महिन्याला तोच वाद, सामान कुठे स्वस्त पडतं. कोणी म्हणतं डीमार्ट, कोणी म्हणतं आता अ‍ॅपवर तेवढ्यातच मिळतं आणि वर घरपोच, एक काकू आहेत त्या अजूनही कोपऱ्यावरच्या वाण्याच्या पुढे जायला तयार नाहीत ("तो मला ओळखतो गं"), आणि मग कोणीतरी ऑफरचा फोटो टाकतं, अमुक हजाराच्या वर खरेदी केली की एक किलो साखर एक रुपयात, की झालं, सगळ्या तिकडे. मी हे वाद बरीच वर्षं वाचतेय आणि मला आता असं ठामपणे वाटतं की दुकान कुठलं याने फार फरक पडत नाही, आपण जे उचलतोय ते किलोला काय पडलं हे ज्याला माहितीये त्याचे पैसे कुठेही वाचतात, आणि ज्याला माहीत नाही तो सेलमध्ये सुद्धा महाग घेऊन येतो.

हे मी शिकले सासूबाईंकडून. त्यांना कुठलीही वस्तू दाखवा, पहिला प्रश्न "किलोला काय पडलं?" साडीचा तेवढा विचारत नाहीत. एकदा मुलाच्या हातात वीस रुपयांचा वेफर्सचा पुडा होता, त्यांनी चष्मा लावून मागचं वजन वाचलं, बावन्न ग्रॅम, जरा वेळ पुटपुटल्या आणि म्हणाल्या, "तीनशे पंच्याऐंशी रुपये किलोने बटाटे खातोयस, सावकाश खा." त्या पिढीला हा हिशोब सवयीचा आहे कारण त्यांच्या वेळी सगळंच सुट्टं यायचं, वाणी कागदाच्या पुड्या बांधायचा आणि भाव पाटीवर खडूने किलोचाच लिहिलेला असायचा. आपल्याकडे पाकिटं आली आणि आपण किलो सोडून पाकिटाच्या किमती लक्षात ठेवायला लागलो. चहा किती? एकशे तीस. अगं पण केवढा चहा?

पूर्वी निदान एवढं तरी होतं की चहा, तेल, साबण, बिस्किटं, डाळी असल्या बऱ्याच वस्तूंच्या पाकिटांचे वजन सरकारने ठरवून दिलेले होते, शंभर ग्रॅम, दोनशे, पाचशे, एक किलो असं. वजनमापं खात्याच्या पॅकेजिंगच्या नियमांमधून काही वर्षांपूर्वी ती यादी काढून टाकली, आता कंपनी वाटेल त्या वजनाचं पाकीट काढू शकते. म्हणून तुम्हाला शेल्फवर 475 ग्रॅम, 180 ग्रॅम, 850 ग्रॅम असली विचित्र वजनं दिसतात. त्याच्या बदल्यात एक चांगली गोष्ट झाली, पाकिटावर एमआरपीच्या जवळपास ग्रॅमला किंवा किलोला किती पडलं तेही छापायला लागतं. बारीक अक्षरात असतं, पण असतं, जाऊन बघा. एक किलोपेक्षा कमी पाकीट असेल तर ग्रॅमचा भाव, किलोच्या वरचं असेल तर किलोचा, तेलाबिलाला मिलीलिटर आणि लिटर. म्हणजे अडीचशे ग्रॅम चहावर "0.52 प्रति ग्रॅम" असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते बघून काही बोध होत नाही, तर दशांशचिन्ह तीन घरं उजवीकडे सरकवायचं की झाले 520 रुपये किलो. आता शेजारच्या ब्रँडचं तसंच बघा.

पण थांबा, यात एक गोम आहे आणि ती मला कोणी सांगताना दिसत नाही. हा छापलेला भाव एमआरपीवरून काढलेला असतो. सुपरमार्केट विकतं त्याच्या खाली, आणि प्रत्येक साइजला सूट वेगळी असते. मोठ्या पाकिटावर पाच टक्के आणि मधल्या पाकिटावर अठरा टक्के असं सर्रास असतं, म्हणजे छापील आकड्यात मोठं पाकीट स्वस्त दिसतं आणि बिलात मधलं स्वस्त पडतं. त्यामुळे मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढून दुकानाची किंमत भागिले वजन हे करावंच लागतं. लाज वाटते म्हणतात काही जणी. मला नाही वाटत, लोक ट्रॉली आडवी लावून रील बघत उभे असतात त्यांना वाटत नाही तर मला भागाकाराची काय लाज.

तेलाचं उदाहरण घेऊ, कारण तेलात सगळ्यात जास्त गडबड आहे. एक लिटर खाद्यतेलाचं वजन भरतं साधारण 910 ग्रॅम. आता शेल्फवर दोन पिशव्या आहेत, दिसायला जुळ्या बहिणी. एकीवर लिहिलंय 1 लिटर, 910 ग्रॅम, किंमत समजा 150. दुसरीवर नुसतंच 850 ग्रॅम, किंमत 142. हात आपोआप 142 कडे जातो, आठ रुपये वाचले ना! हिशोब केला तर पहिली पडते जेमतेम 165 रुपये किलो आणि दुसरी 167. म्हणजे कमी पैसे दिले, त्याहून कमी तेल घेतलं. पूर्वी तर काही पिशव्यांवर वजनाच्या शेजारी तापमान छापलेलं असायचं, कारण तेल गरम झालं की फुगतं, जास्त तापमानाला मोजलं की तेवढ्याच लिटरमध्ये तेल वजनाला कमी बसतं, हे इतकं झालं की 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने कंपन्यांना सांगितलं की तापमान न लिहिता सरळ आकडा लिहा, आणि लिटरमध्ये देताय तर वजन पण द्या. आता बहुतेक पिशव्यांवर दोन्ही असतं. आपण वजनच बघायचं, लिटरकडे बघायचंच नाही.

आणि पाच लिटरचा जार. आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं की मोठं ते स्वस्त. बऱ्याचदा पाच सुट्ट्या पिशव्या जारपेक्षा स्वस्त पडतात कारण जाडजूड प्लास्टिकचा डबा फुकट येत नाही, त्याचे पैसे आपणच देतो. जार हवा असेल तर एकदा घ्या आणि पुढे त्यातच पिशव्या ओता. हेच उलटं टोक म्हणजे शाम्पूच्या पुड्या. एक रुपयाच्या पुडीत साधारण पाच-सहा मिली शाम्पू असतो, आता तुमच्या बाथरूममधल्या बाटलीची किंमत भागिले मिली करून बघा, आणि मग मला सांगा. मी स्वतः पुड्या घेत नाही कारण तो सगळा प्लास्टिकचा कचरा बघवत नाही आणि ओल्या हाताने त्या फाडता फाडता दात जातात, पण हिशोबाने पुडी जिंकते हे मान्य करायलाच लागतं. पाहुणे येणार असतील किंवा गावाला जायचं असेल तर मात्र नक्की पुड्याच.

पाच आणि दहा रुपयांच्या बिस्किटांचं तर काय सांगायचं. पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहिला, आतली बिस्किटं तेवढी घटत गेली, कारण किंमत वाढवली की गिऱ्हाईक ओरडतं आणि वजन घटवलं की कोणाला कळत नाही. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी कमी झाला तेव्हा उलटी गंमत झाली. बिस्किटं, साबण, शाम्पू, टूथपेस्ट असलं बरंचसं सामान 18 वरून 5 टक्क्यांवर आलं, तूप-लोणी 12 वरून 5 वर आलं, मग पाच रुपयांचा पुडा चार रुपये पंचेचाळीस पैशांना कसा विकणार, तर बऱ्याच कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवलं. तेव्हाही किती वाढवलं हे कळायला जुना ग्रॅम माहीत हवा. मी एका जुन्या डायरीच्या मागे आमच्याकडे नेहमी लागणाऱ्या दहा-बारा वस्तूंचे भाव लिहून ठेवते, तूरडाळ, तांदूळ, तेल, चहा, साखर, शेंगदाणे, पोहे, रवा, कपड्यांची पावडर, तूप, सगळं किलोमध्ये. तेवढंच. सगळ्या घराचे भाव लिहायला गेलात तर दोन महिन्यांत कंटाळाल, आणि बिलाचा मोठा भाग या दहा-बारा वस्तूंचाच असतो.

आता सुट्टं की पाकीट. 18 जुलै 2022 पासून डाळ, तांदूळ, गहू, पीठ हे पाकिटात बंद करून लेबल लावून विकलं की 5 टक्के जीएसटी लागतो, ब्रँड मोठा असो की गल्लीतला. सुट्टं तोलून घेतलं तर लागत नाही. आणि हा नियम पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटालाच, त्याच्या वर नाही, म्हणून लगेच बाजारात सव्वीस किलोच्या तांदळाच्या गोण्या यायला लागल्या! व्यापाऱ्याचं डोकं सरकारच्या एक किलो पुढे, अक्षरशः. तर दोन-तीन घरांनी मिळून एखादी मोठी गोणी घेतली आणि वाटून घेतली तर फायदा आहे. गव्हाचं मार्च-एप्रिलमध्ये करावं, नवा माल येतो तेव्हा, लोकवन घ्या नाहीतर सिहोर, तुमच्या पोळीच्या आवडीप्रमाणे. तूरडाळीचं जानेवारी-फेब्रुवारीत. पण आमच्यासारखं वन बीएचके असेल तर वर्षाची बेगमी डोक्यातून काढा, ठेवायला जागा नाही, पावसाळ्यात पोरकिडे लागले की वाचलेले सगळे पैसे पाखडण्यात जातात, तीन-चार महिन्यांचं ठीक.

सुट्ट्यात अजून एक फायदा आहे जो पाकिटात कधीच मिळत नाही, तो म्हणजे प्रत निवडता येते. आमचे वाणी शेठ कच्छी आहेत, तीस वर्षं डोंबिवलीत, मराठी माझ्यापेक्षा फाडफाड. मी गेले काजू घ्यायला.

"वहिनी, कशाला पाहिजेत?"

"पनीरच्या ग्रेव्हीला."

"मग अख्खा कशाला न्यायचा? मिक्सरमध्ये तर घालणार. तुकडा न्या, पाकळीसुद्धा नको."

तोच काजू, तीच चव, पण तुकड्याचा भाव अख्ख्यापेक्षा बराच कमी. तांदळाचं तसंच, बासमतीचा तुकडा पुलावाला चालतो, डोशाला अख्खा दाणा लावणं म्हणजे उधळपट्टी, आजारी माणसाच्या पेजेला आंबेमोहोराची कणी तर अख्ख्यापेक्षा छान लागते असं माझं मत आहे. सुपरमार्केटच्या शेल्फवर हे कोण विचारणार तुम्हाला, "कशाला पाहिजे" म्हणून? फक्त सुट्टं घेताना काटा शून्यावर आहे ना ते बघा आणि डबा किंवा जाड पिशवी वजनात धरलेली नाही ना तेही. मिठाईच्या दुकानात तर नक्कीच, पेढ्यांच्या भावाने पुठ्ठ्याचा खोका विकत घेणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे, तसं वजन करणं नियमात बसत नाही, सरळ सांगायचं खोका बाजूला काढून तोला. तोलतात मुकाट्याने.

मग डीमार्ट खरंच स्वस्त आहे का? तर हो, रोजच्या किराण्यात बऱ्याचदा आहे, आणि त्याला कारणं आहेत. 2002 मध्ये पवईला पहिलं दुकान काढल्यापासून राधाकिशन दमाणींचं धोरण असं की जागा शक्यतो स्वतःची घ्यायची म्हणजे भाडं नाही, माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे म्हणजे तो भाव कमी लावतो, आणि दुकानात झगमगाट करायचा नाही. तो फायदा डाळ-तेल-साबणाच्या भावात दिसतो. पण डाळ-तेल घेऊन झालं की तुम्ही जिन्याने वर जाता, तिथे प्लास्टिकचे डबे, पायपुसणी, टी-शर्ट, कढया, आणि असल्या मालात दुकानदाराला सुटतात किराण्यापेक्षा जास्त पैसे, कुठल्याही सुपरमार्केटचं हेच गणित आहे. डाळीत सत्तर रुपये वाचवले आणि चारशेचे डबे घेतले, घरात डब्यांना झाकणं सापडत नसताना. माझा नियम असा की किराणा आणि वरचा मजला एका दिवशी करायचा नाही. डबे हवेत तर डब्यांसाठी वेगळं जायचं, आणि गंमत म्हणजे डब्यांसाठी मुद्दाम म्हणून कोणी जातच नाही.

या बाबतीत मला अजूनही सगळ्यात हुशार व्यवस्था वाटते ती मुंबई ग्राहक पंचायतीची. नव्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगते, 1975 पासून चालू आहे, शेजारपाजारच्या घरांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याला प्रत्येक घराने छापील यादीवर काय किती हवं ते भरून द्यायचं, सगळ्यांची मागणी एकत्र होते, पंचायत घाऊकात माल खरेदी करते आणि टेम्पो येऊन संघातल्या एका घरी माल उतरवतो. माझी आई मुलुंडला अशा संघात होती. वाटपाच्या दिवशी ज्यांच्या घरी माल उतरायचा त्यांच्या हॉलमध्ये गोणपाटावर नुसती पाकिटांची रास, एक जण यादी वाचतेय, दोघी उचलून देतायत, पोरं पायात पायात, आणि गव्हाची पोती उतरवायला नवरे. घाऊक भावामुळे पैसे वाचायचे हे तर झालंच, पण मला आता वाटतं खरी बचत त्या यादीची होती. आठवडाभर आधी स्वयंपाकघरात बसून, डबे उघडून बघून भरलेली यादी. त्यात "दोनावर एक फ्री" येऊन डोळा मारत नाही. ज्या वस्तूची गरज नाही तिची जाहिरात त्या कागदावर नसायचीच.

"एकावर एक फ्री"चं बोलायचंच तर आधी एमआरपीचं बोलायला हवं. लोकांना वाटतं एमआरपी सरकार ठरवतं. नाही हो. काही औषधांच्या किमतीवर सरकारचा ताबा आहे, पण लोणची, मसाले, सुकामेवा, कपड्यांची पावडर यांची एमआरपी कंपनीच ठरवते, सरकार फक्त म्हणतं की छापलीय त्याच्या वर विकायचं नाही. खाली कितीही विका. म्हणजे अर्ध्या किलो बदामाच्या पाकिटावर हजार छापायचे आणि "50 टक्के सूट" म्हणून पाचशेला विकायचे यात एमआरपीचा नियम काही मोडत नाही. सूट किती ते वाचायचंच नाही, अर्धा किलो पाचशेला म्हणजे हजार रुपये किलो, मसाला गल्लीत किंवा मार्केटात हाच बदाम काय भावाने आहे, एवढंच बघायचं. एकावर एक फ्रीमध्ये दोन्ही पाकिटांची तारीख बघा, बऱ्याचदा संपत आलेली असते, दोन महिन्यांत दोन किलो टोमॅटो केचप आमच्या घरात तरी कोणी खात नाही. बिग बाजार होतं तेव्हा 26 जानेवारीच्या "सबसे सस्ते दिन"ला लोक रांगा लावून काय काय आणायचे, आमच्या मजल्यावर एकांनी तर तेव्हा फिनाइल इतकं भरून ठेवलं होतं की बिग बाजार बंद पडलं तरी त्यांचं फिनाइल चालूच.

काउंटरवर आलात की तीन गोष्टी. एक, मोबाईल नंबर मागतात, तो देणं सक्तीचं नाही, 2023 च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक खात्याने दुकानदारांना तसं स्पष्ट कळवलंय. "नंबर नाही देणार" म्हटलं की पोरगं बिचारं कॉम्प्युटरकडे बघतं आणि म्हणतं सिस्टीम घेत नाही, तर सुपरवायझरला बोलवायला सांगा, सिस्टीम घेते. पॉइंट जमतात म्हणून द्यायचा असेल तर द्या, पण ते पॉइंट वापरायला तुम्ही परत जाणार आणि परत ट्रॉली भरणार हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहितीये. दोन, पिशवी घरून न्या. आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्ये म्हटलंय, पण त्या दहा-बारा रुपयांसाठी भांडत बसण्यापेक्षा कापडी पिशवी पर्समध्ये असलेली बरी.

तीन, बिल. बिल तिथेच वाचायचं, गाडीत बसल्यावर नाही. शेल्फवरचं लेबल जुनं आणि कॉम्प्युटरमधला भाव नवा, असं होतं, आणि दर वेळी मुद्दाम फसवतात असंही नाही, लेबल बदलायला माणूस कमी असतो. एकदा एका दुकानात (नाव नको) तुपावर शेल्फला लिहिलेली सूट बिलात आलीच नव्हती, मी शेल्फवरच्या लेबलचा फोटो काढला होता म्हणून दोन मिनिटांत पैसे परत मिळाले, माझ्या मागच्या बाईंनी तेच तूप घेतलं होतं, त्यांना सांगितलं तर म्हणाल्या जाऊ दे हो, रांग मोठी आहे. चाळीस रुपये होते! वस्तू दोनदा स्कॅन होणं हेही नेहमीचं, विशेषतः एकसारखी चार पाकिटं असली की. कोणी एमआरपीच्या वर पैसे लावले, थंड बाटलीला "कूलिंग"चे म्हणून दोन रुपये जास्त, तर ते सरळ चूक आहे, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. बहुतेक वेळा नंबर नुसता मोठ्याने म्हटला तरी दोन रुपये परत येतात.

कपड्यांच्या सेलवर वेगळं लिहीन कधीतरी, तिथे किलोचा भाव लावता येत नाही. तोवर तुमच्याकडे तूरडाळ सध्या काय किलोने मिळतेय ते कमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासकट, आणि पाकीट की सुट्टी तेही लिहा, नाहीतर तुलना करता येत नाही.